आधी पंप, मग चूळ

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात ६ फेब्रुवारी २०१३ रोजी आपल्याच राज्यात, पालघरला झाली. जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांना तपासून तीस प्रकारचे दोष, उणिवा आणि आजार वेळेत हुडकायचे, हा त्यामागचा हेतू. अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा पथक यावं, अशी आखणी आहे. त्या तिसांच्या यादीत बालपणीच्या आजारांच्या गटात दम्याची ओळ येते आणि तिच्या लगेच खाली दातांची. दोन्ही एकाच कागदावर, एकाखाली एक. पण एखाद्या मुलाच्या नावापुढे दोन्ही ओळींवर खूण झाली, तर त्या दोन खुणा मिळून काही सांगत असतील, असं सहसा कुणाच्या मनात येत नाही. छातीसाठी एक डॉक्टर, दातासाठी दुसरा. छाती तपासणारा ‘आ कर’ म्हणतो तो घसा बघायला, आणि दाढ भरणारा विचारतो तो गोड किती खातोस ते.

पुढची पानं या दोन ओळी एकत्र वाचण्यासाठी लिहिली आहेत. ती राहुरी तालुक्यातल्या आईवडिलांसाठी, आजीआजोबांसाठी, अंगणवाडीताईंसाठी आणि शाळेतल्या गुरुजी-बाईंसाठी आहेत. बाळदम्याच्या आणि ॲलर्जीच्या मुलांचे दात, हिरड्या, टाळू आणि जबडा यांचं काय होतं, का होतं आणि त्यावर घरच्या घरी काय करता येतं, एवढाच त्यांचा विषय. प्रस्तावना जरा लांबली आहे, कारण या विषयात एक धोका आहे आणि तो आधी समजून घेतल्याशिवाय पुढचं काही वाचू नये, असं मला वाटतं.

धोका असा. दम्याचं औषध श्वासातून ओढायचा इनहेलर म्हणजे पंप. ‘पंपाने दात किडतात’ एवढं अर्धवट वाक्य कानावर पडलं, तर कुठल्या तरी घरात पंप फडताळात जाईल. आधीच पंपाबद्दल आपल्याकडे भीती फार. पंपाची सवय लागते, पंप ही शेवटची पायरी, मुलीला पंप आहे हे कळलं तर पुढे स्थळ येणार नाही, असली बोलणी खेड्यात आणि शहरात सारखीच ऐकू येतात. म्हणून ठळक सांगते: दाताच्या काळजीपोटी पंप बंद करायचा नाही. नीट आटोक्यात न ठेवलेला दमा जीव घेऊ शकतो, किडलेली दाढ सहसा घेत नाही. शिवाय आटोक्यात नसलेला दमा दातांनाही जास्तच छळतो. पंपानंतर तोंडात जे उरतं त्यासाठी एक चूळ पुरते.

आता राहुरीबद्दल. हा उसाचा तालुका. १९२६ साली भंडारदऱ्याचं धरण पुरं झालं आणि प्रवरेच्या कालव्यांनी या पट्ट्याचं रूप पालटलं. पुढे मुळा धरणाने आणखी शिवार भिजवलं. शेजारच्या प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी १९५० मध्ये सहकारी साखर कारखाना उभा केला, आणि मग राहुरीसकट सगळ्या जिल्ह्यात चिमण्या उभ्या राहिल्या. या समृद्धीचं मोल मला ठाऊक आहे. ज्या घरात आज मुलाच्या पंपाला पैसे निघतात, ते बहुधा उसाच्याच बिलातून निघतात.

पण दम्याच्या मुलाची आई हे वर्ष निराळ्या खुणांनी मोजते. पाऊस सरत आला की बांधावर, चारीच्या कडेला, शाळेच्या कुंपणालगत गाजर गवत पांढरं फुलतं. हे परदेशी तण आपल्याकडे पहिल्यांदा पुण्यात, १९५५ च्या सुमारास नजरेत आलं. आज ते नाही असं शिवार दाखवणं कठीण. त्याच्या परागकणांनी नाक वाहतं, डोळे खाजतात, छाती घरघरते. मग बाजरीची मळणी आणि तिचा भुसा. दिवाळीचे फटाके. गारठा पडू लागतो तसं कारखान्यांचं गाळप सुरू होतं, आणि तुटलेल्या फडांतलं पाचट पेटवलं जातं. हिवाळ्यातल्या संध्याकाळी थंड हवा खाली बसते, तिच्यासोबत तो धूरही वस्तीवर बसतो. ज्वारीच्या कडब्याची कुट्टी, गव्हाची मळणी, उन्हाळ्यात कांद्याच्या चाळी भरतानाचा फोलपटांचा धुरळा, असं हे चक्र पुन्हा पावसापर्यंत फिरतं. पाचट जाळू नका, सरीत कुजवा, जमीन सुधारेल, हे राहुरीच्याच महात्मा फुले कृषी विद्यापीठाकडून शेतकरी पुष्कळदा ऐकत आले आहेत. जमिनीच्या कारणाने ज्यांना ते पटलं नाही, त्यांनी निदान त्या धुराच्या टप्प्यात झोपणाऱ्या लेकरांसाठी तरी ते ऐकावं.

घरातही कारणं असतातच. चूल असेल तर चुलीचा धूर. वर्षानुवर्षं अंथरलेली गोधडी किंवा वाकळ, जिच्यात डोळ्यांना न दिसणारे धूळकिडे वाढतात. कडक उन्हात टाकून झटकणं आणि गरम पाण्यात धुणं यांनी ते बरेच कमी होतात. आणि मिश्री. तंबाखू तव्यावर काळीकुट्ट होईपर्यंत भाजायची, कुटायची आणि तिने दात घासायचे, ही आपल्या भागातल्या कितीतरी बायकांची रोजची रीत. मिश्री भाजताना उठणारा ठसका दम्याच्या मुलाला थेट लागतो. आणि आजी मिश्री लावते म्हणून नातवंडही बोटाला लावून बघतं. तिथे तंबाखूची पहिली ओळख होते. श्वास आणि दात या दोहोंचं एकाच तव्यावर इतकं नुकसान करणारी दुसरी गोष्ट मला घरात दिसत नाही. आजीला यात दोष देऊन काही साधणार नाही. तिच्या काळात दात घासायला दुसरं काही हाताशी नव्हतं, आणि आता ती सवय तिच्या अंगवळणी पडली आहे. पण मिश्री नातवंडासमोर आणि घरात भाजायची नाही, एवढं तिच्याकडून मागता येतं. ‘बाळाला धाप लागते’ हे कारण आजीला डॉक्टरांच्या कुठल्याही व्याख्यानापेक्षा जास्त पटेल.

आता तोंडात काय घडतं ते बघू. दातांचं रोजचं रक्षण करते ती लाळ. काही खाल्लं की दातांवरच्या थरातले जंतू साखर आंबवून आम्ल करतात. त्या थराचा सामू (pH) साधारण ५.५ च्या खाली गेला की दाताच्या कवचातली खनिजं विरघळू लागतात. लाळ ते आम्ल धुऊन काढते, त्याचा जोर मोडते आणि कॅल्शियम-फॉस्फेट पुन्हा कवचावर आणून ठेवते. ही पडझड आणि डागडुजी दिवसभर चालू असते. श्वासनलिका सैल करणारी, सॅल्ब्युटामॉलसारखी औषधं नियमित घेणाऱ्या मुलांची लाळ १९८० च्या दशकात स्वीडनमध्ये मोजली गेली, तेव्हा ती निरोगी मुलांपेक्षा सुमारे पाव हिश्शाने कमी भरली. सर्दी-शिंकांसाठी दिल्या जाणाऱ्या बऱ्याच गोळ्यासुद्धा तोंड कोरडं पाडतात. त्यात मूल तोंड उघडं टाकून झोपत असेल तर रात्रभर समोरच्या दातांवर नि हिरड्यांवर वारा लागतो. पडझड चालू राहते, डागडुजी मागे पडते.

कॅप्सूल फोडून पूड ओढायचं यंत्र, म्हणजे रोटाहेलर, आपल्याकडे खूप वापरलं जातं, कारण ते स्वस्त पडतं. त्या पुडीत औषध चिमटीहून कमी असतं. बाकी असते ती दुधातली साखर, लॅक्टोज. ओढताना बरीच पूड तोंडात आणि घशातच राहते. काही पूड-औषधांनी तोंडातला सामू थोडा वेळ खाली येतो, असंही मोजमापांतून दिसलं आहे. स्टेरॉइडचा पंप असेल आणि नंतर तोंड धुतलं नाही, तर जिभेवर, टाळूवर, गालाच्या आतून दह्यासारखा पांढरा थर धरतो. ती बुरशी असते. लोक ‘तोंड आलं’ म्हणून तूप किंवा मध लावतात. मधाने तिला उलट खाद्यच मिळतं.

आणि तरीही माझ्या मते खरा चोर पंप नाही, खरा चोर आहे औषधाची गोड बाटली. पंपाला घाबरणारं घर खोकल्याच्या आणि धापेच्या सिरपला मुळीच घाबरत नाही. निजताना एक चमचा पाजायचा, मूल झोपेत असेल तर तसंच ओठ उघडून पाजायचा, आणि दिवा मालवायचा. ते साखरेचं पाणी लाळ अगदी कमी असण्याच्या वेळेला रात्रभर दातांना चिकटून राहतं. शिवाय हिशेब बघा: सॅल्ब्युटामॉलच्या सिरपच्या एका चमच्यात साधारण २ मिलिग्रॅम औषध असतं आणि पंपाच्या एका दाबात १०० मायक्रोग्रॅम, म्हणजे त्याचा विसावा हिस्सा. सिरप पोटातून रक्तात, रक्तातून सगळ्या अंगात फिरतं. हात थरथरतात, छाती धडधडते. पंपाचं औषध थेट छातीत पोचतं. ज्याला आपण जोरकस आणि घातक समजतो तेच खरं तर सौम्य आहे.

पंपाच्या जन्माची गोष्ट इथे सांगण्याजोगी आहे. १९५५ साली अमेरिकेतल्या रायकर लॅबोरेटरीज या कंपनीचे प्रमुख जॉर्ज मेसन यांच्या मुलीला दमा होता. तेव्हा औषध काचेच्या फुगा-नळीने फवारायचे. ती सारखी फुटायची आणि दर वेळी मात्रा कमीजास्त पडायची. केसांवर मारायच्या फवाऱ्यासारख्या डब्यात माझं औषध का मिळत नाही, असा प्रश्न त्या तेरा वर्षांच्या मुलीने वडिलांना केला. पुढच्याच वर्षी मोजकी मात्रा देणारा पहिला पंप बाजारात आला. सांगायचा मुद्दा हा, की हे साधन एका लेकराच्याच गरजेतून निघालं आहे. राहुरीतल्या लेकराला ते देताना कुणाला संकोच वाटायचं कारण नाही.

विज्ञानाने दमा आणि दातांची कीड यांच्या नात्याचा पक्का निकाल लावला आहे का? अजून नाही, आणि तसं भासवणं बरोबर होणार नाही. २०१० मध्ये अमेरिकेतल्या एका दंतवैद्यकीय नियतकालिकाने जुने सगळे अभ्यास पडताळून दमा आणि दातांची कीड यांचा भक्कम संबंध दिसत नाही असा निष्कर्ष छापला. पुढच्याच वर्षी दुसऱ्या एका संकलनाने उलट सांगितलं: दुधाचे दात असोत की पक्के, दम्याच्या मुलांत कीड जास्तच आढळते. त्यानंतरची बहुतेक संकलनं या दुसऱ्या बाजूला झुकली आहेत. मतं जुळत नाहीत याचं एक कारण असं की दमा सगळीकडे एकसारखा नसतो. सौम्य दमा, चांगली निगा आणि फ्लोराइडची पेस्ट असलेल्या घरातल्या मुलाचे दात इतरांइतकेच धड असू शकतात. जिथे निदानच उशिरा होतं, औषध मिळेल तेव्हा मिळेल तसं घेतलं जातं आणि ब्रश सगळ्या भावंडांत एकच असतो, तिथे चित्र वेगळं दिसणार. भारतात १९९० नंतर झालेल्या मोठ्या पाहण्यांमध्ये दम्याची लक्षणं असलेल्या पुष्कळ मुलांचं निदानच झालेलं नव्हतं, ही गोष्ट या संदर्भात फार महत्त्वाची. आपल्याकडे ‘दर थंडीत खोकला होतो’, ‘याची प्रकृतीच कफाची’ एवढ्यावर वर्षं जातात. आणि २००२-०३ च्या राष्ट्रीय दंत पाहणीप्रमाणे बारा वर्षांच्या निम्म्याहून जास्त मुलांचे दात तसेही किडलेले होते. तेव्हा दम्याचं मूल आधीच निसरड्या वाटेवर असतं.

नाकाबद्दल पुढे एक स्वतंत्र प्रकरण आहे, आणि माझ्या लेखी ते सगळ्यात मोलाचं. दम्याच्या बहुतेक मुलांना नाकाची ॲलर्जीही असते. सकाळी उठल्यावर शिंकांची माळ, तळहाताने नाक वर चोळायची सवय, त्याने नाकावर पडलेली आडवी रेघ, डोळ्यांखाली काळपट सावली: ही मुलं वर्गात बाईंना चटकन ओळखू येतील. नाक चोंदलं की मूल तोंडाने श्वास घेतं. तोंड उघडं राहिलं की जीभ टाळूवरून खाली उतरते, आणि वाढत्या वयात टाळूला जिभेचा जो आतून आधार लागतो तो सुटतो. वर्षानुवर्षं असं चाललं तर टाळू अरुंद आणि खोल होतो, वरचे दात पुढे येतात, मागच्या दाढा एकमेकींवर नीट बसत नाहीत, ओठ मिटत नाहीत. समोरच्या वरच्या हिरड्या कोरड्या राहून लाल होतात, सुजतात, ब्रश लागला की रक्त येतं. रक्त येतं म्हणून मूल तिथे घासणं सोडतं आणि मग त्या आणखी सुजतात. दात पुढे आले म्हणून पंधराव्या वर्षी तारा लावायला नेण्यापेक्षा पाचव्या-सहाव्या वर्षी नाकाचा इलाज करणं स्वस्त, सोपं आणि मुलासाठी कितीतरी सुखाचं. जबड्याचं हाड तेव्हा वळण घेत असतं.

साधारण सहाव्या वर्षी येणाऱ्या पहिल्या पक्क्या दाढेकडेही लक्ष हवं. काही मुलांत ती उगवतानाच पिवळट-तपकिरी डागांची, चुना सुटल्यासारखी ठिसूळ असते, आणि गार पाण्यानेही झोंबते. आयुष्याच्या पहिल्या तीन वर्षांत वारंवार छातीचे आजार झालेल्या मुलांत हे जास्त दिसतं. नेमकं कारण आजाराचं की औषधाचं, हे ठरायचं आहे. आपल्याकडे बरेच आईबाप तिला दुधाची दाढ समजतात आणि ‘पडणारच आहे’ म्हणून सोडून देतात. ती पडणारी नाही.

कोजागिरीचा उल्लेख मुद्दाम करते. त्या रात्री चांदण्यात ठेवलेल्या खिरीतून दम्याचं औषध देण्याची प्रथा आपल्याकडे जुनी आहे आणि श्रद्धेने लोक लांबून जातात. खीर खायला माझी हरकत नाही. मात्र औषध घेतलं म्हणून दुसऱ्या दिवसापासून पंप सोडला जातो, तेही नेमक्या त्या दिवसांत, जेव्हा गाजर गवत फुललेलं असतं, मळण्या चालू असतात आणि थंडी तोंडावर आलेली असते. पंप चालू ठेवून खीर घ्यावी, आणि झोपण्याआधी चूळ भरावी.

घरी करायचं ते थोडकंच आहे, आणि त्याचा क्रम महत्त्वाचा: आधी पंप, मग चूळ, मग ब्रश. सकाळ-संध्याकाळचा पंप ब्रशच्या वेळेलाच जोडून टाकला की पंपही चुकत नाही आणि दातही घासले जातात. चुळीचं पाणी घशापर्यंत खळखळवून थुंकायचं, गिळायचं नाही. पंप स्पेसर, म्हणजे पंप आणि तोंड यांच्यामधला पोकळ डबा, लावून घेतला तर औषध तोंडात कमी साठतं आणि छातीत जास्त जातं. विकतचा स्पेसर परवडत नसेल तर अर्ध्या लिटरच्या प्लॅस्टिकच्या बाटलीला बुडाशी पंपाच्या तोंडाएवढं भोक पाडून, कडा नीट बंद करून केलेला स्पेसर मुलांना विकतच्याइतकाच उपयोगी पडतो, हे दक्षिण आफ्रिकेत १९९९ मध्ये पडताळून पाहिलेलं आहे. तो करायची कृती पुढे चित्रांसह दिली आहे. खोकून खोकून उलटी झाली तर लगेच ब्रश करू नये, कारण पोटातल्या आम्लाने कवच तेवढ्यापुरतं मऊ पडलेलं असतं. साध्या पाण्याची चूळ भरावी आणि अर्धा तास थांबावं. पेस्ट फ्लोराइडची असावी, तीन वर्षांखालच्या बाळाला तांदळाच्या दाण्याएवढी, पुढे वाटाण्याएवढी.

दाढ ठणकली की औषधाच्या दुकानातून गोळी आणायची, ही सवय दम्याच्या घराने सोडायलाच हवी. ॲस्पिरिन मुलांना द्यायचीच नाही. आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅकसारख्या गोळ्यांनी काही दमेकऱ्यांना जोराची धाप लागू शकते, म्हणून त्याही डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाहीत. दाताच्या दवाखान्यात जाताना आराम देणारा पंप खिशात असावा, आणि मूल खुर्चीत बसण्याआधी ‘याला दमा आहे’ हे सांगावं. रबरी हातमोज्यांनी अंगावर गांधी उठत असतील तर तेही. खुर्ची पूर्ण आडवी न करता काम करता येतं. राहुरीकरांना त्यासाठी पुण्या-मुंबईला जावं लागत नाही. प्रवरानगरलगतच्या लोणीला १९९० पासून ग्रामीण दंत महाविद्यालय आहे आणि त्याच आवारात मोठं रुग्णालयही आहे. दात आणि छाती एकाच फेरीत दाखवता येतात. फक्त एका विभागाचे कागद दुसऱ्या विभागात आपण स्वतः नेऊन दाखवायला हवेत.

सगळ्यात जास्त काळजी मला ऊसतोडीच्या मुलांची वाटते. बीड, पाथर्डीकडून दिवाळीच्या आसपास टोळ्या येतात आणि उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत फडाशेजारी किंवा कारखान्याच्या तळावर कोपी घालून राहतात. पाचटाचीच कोपी, तिच्या दाराशी चूल, पहाटेचा गारठा, आणि आई कोयता घेऊन फडात गेल्यावर मुलाच्या हाती उसाचं कांडं किंवा बिस्किटाचा पुडा. शाळेत पथक तपासणीला येतं त्या दिवशी हे मूल गावाकडच्या पटावर असतं, कोपीत असतं की कारखान्यावरच्या साखरशाळेत, याचा भरवसा नसतो. गावाकडे सुरू झालेला पंप इथे संपतो आणि तो कुठे मिळेल हे आईला ठाऊक नसतं. म्हणून या पुस्तिकेच्या प्रती शाळांइतक्याच कारखान्यांच्या तळांवर पोचायला हव्यात, गाळपाच्या पहिल्या पंधरवड्यात, आणि मुकादमाच्या हाती न देता कोप्यांमध्ये जाऊन. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी चित्रं पुरेशी मोठी काढली आहेत. मुलांच्या पंपाचं आणि औषधाचं नाव लिहायला शेवटचं पान कोरं ठेवलं आहे. ते फाडून जवळ ठेवता येतं, आणि राहुरीच्या ग्रामीण रुग्णालयात किंवा जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात तेवढं दाखवलं तरी पुढचं औषध कोणतं हवं ते कळेल.